बोटांवरच्या टिचक्या

माझी मावशी खुर्च्या विणायची. नव्या नव्हे, जुन्या. वेताची बैठक खचली, मधोमध भोक पडलं, की लोक ती खुर्ची फर्निचरच्या दुकानात आणून टाकायचे आणि दुकानदार ती मावशीकडे पाठवायचा. त्यामुळे तिच्याकडे कधीही गेलं तरी भिंतीला टेकून पाच-सहा बिनबुडाच्या खुर्च्या उभ्या असायच्या. "पाहुण्याला बसायला खुर्ची नाही आणि खुर्च्यांना उभं राहायला जागा नाही," असं म्हणून ती पाहुण्याला पलंगावर बसवायची.

तिची खोली एका लॉन्ड्रीच्या वर होती. दीड खोली म्हणा. खालून दिवसभर इस्त्रीची ऊब यायची आणि फरशी कोमट असायची. खिडकीखाली पत्र्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. ओल्या वेताचा वास भिजलेल्या गवतासारखा असतो. तो तिच्या साड्यांना, अंथरुणाला, चहालासुद्धा यायचा. माझी मुलं लहान असताना म्हणायची, मावशीआजीचा चहा खुर्चीचा असतो.

एका बैठकीला सहा फेऱ्या लागतात. पहिली उभी, दुसरी आडवी, तिसरी पुन्हा उभी, चौथी आडवी पण एक खालून एक वरून अशी गुंफत, आणि शेवटच्या दोन तिरक्या. पट्टी चौकटीच्या भोकातून ओढायची, लाकडी खुंटी ठोकून धरून ठेवायची, पुढच्या भोकाकडे जायचं. पट्टीची एक बाजू तकतकीत असते, एक खरखरीत. तकतकीत बाजू वर आली पाहिजे, ते बघायचं नसतं, अंगठ्यानं चाचपायचं असतं. आणि ओला वेत वाळला की आवळतो. म्हणून ओला असताना जितका ओढावासा वाटतो त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. हे 'अलीकडे' नेमकं कुठे ते मावशीच्या अंगठ्याला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, पट्टीच सांगते की, बास म्हणून."

तिची एकच मुलगी. माझी मावसबहीण. चौदा महिन्यांची असताना तिला ताप आला, तो नऊ दिवस उतरला नाही, आणि उतरला तेव्हा तिचे डोळे आणि कान दोन्ही घेऊन गेला. त्यानंतर तिला बसवली की बसायची, निजवली की निजायची. माझी आई एकदा कौतुकानं म्हणाली, "लाकडाची ठकीच आहे ग बाई," आणि तेच नाव तिला चिकटलं. तिचे वडील ट्रक चालवायचे. ठकीच्या तापानंतर ते लांबच्या फेऱ्या घ्यायला लागले. फेऱ्या लांबत लांबत इतक्या लांबल्या की मावशीनं त्यांचं ताट मांडायचंच सोडून दिलं.

ठकी आणि मावशी एकमेकींशी हातानं बोलायच्या. कुणी शिकवलेली भाषा नव्हती, मावशीनंच रचलेली. मनगटावर दोन टिचक्या म्हणजे जेवण. तळहातावर गोल म्हणजे आंघोळ. दंडावरून खाली नख ओढलं की बाहेर जायचंय. कानाची पाळी दाबली की मी आले आहे. अशा सगळ्या मिळून तेवीस खुणा होत्या. मी एकदा मोजल्या होत्या. तेवीस खुणांत दोघींचं सगळं भागत होतं, भांडणसुद्धा.

मावशीला एकच काळजी होती आणि ती कुणीही न सांगता कळण्यासारखी होती. आपल्यामागे हिचं काय?

शहराच्या टोकाला एक निवासी केंद्र होतं. चांगलं होतं. अंध, बहिरी, अधू माणसं तिथं राहायची आणि दिवसा कारखान्यात काम करायची. अट एकच होती: एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं आलं पाहिजे. ठकी सव्वीस वर्षांची असताना मावशीनं अर्ज केला. चष्मा लावलेले एक तपासनीस आले, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी ठकीला वेत भिजवताना, पट्ट्या निवडताना, पहिल्या दोन फेऱ्या घालताना पाहिलं. नंतर म्हणाले, "हे अर्धं काम झालं, बाई. पूर्ण येईल तेव्हा कळवा. मी स्वतः येईन."

पूर्ण काही येईना. मावशी ठकीच्या पाठीमागे बसायची, तिच्या हातांवर आपले हात ठेवायची आणि गुंफायला लागायची. दुसरा काही मार्गच नव्हता. पण एका भोकाशी चार हात कसे मावणार? ठकीची बोटं मधे यायची, मावशीची बोटं पट्टीला लागायचीच नाहीत. आणि मावशीनं हात उचलले की ठकी थांबायची. हट्टानं नाही. काम संपलं असं समजून. आठ वर्षं मावशीनं हे केलं. शेवटी तिनं हात टेकले. म्हणाली, "तिला पट्टी काय सांगते ते ऐकूच येत नाही, मी मधे असते ना."

याच सुमारास मॅडम आल्या, आणि त्यांना मावशीकडे मी नेलं. हे मला टाळता येणार नाही. मीच नेलं.

मी तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात ऑफिसला आहे. दाखले देते, अर्ज घेते. मॅडम तिथं एक प्रकल्प घेऊन आल्या होत्या. तिशीच्या असतील, केस आखूड, पाठीवर कायम एक जड बॅग. हातकाम करणाऱ्यांचे हात कसे चालतात, किती जोर लावतात, कुठे थबकतात, हे हातमोज्यातून टिपून घ्यायचं आणि शिकणाऱ्याच्या हातमोज्यातून त्याच्या कातडीवर उमटवायचं, असं ते काम. लाकूड कातणारे झाले, चामडं शिवणारे झाले. वेतवाल्या कुणी आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी मावशी आहे.

ठकीचं मी काही बोलले नव्हते. त्या दाराशी आल्या, टबाजवळ पट्ट्या निवडत बसलेली ठकी त्यांनी पाहिली, मी दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. कॉलेजातल्या पोरांचं नंतर बघू, म्हणाल्या.

हातमोजे राखाडी होते, सायीसारखे पातळ. प्रत्येक बोटाच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी यंत्रं, एक अंगठ्याच्या मुळाशी, एक मनगटावर. वायर जाऊन एका डब्याला जोडलेली. मावशीच्या मोज्यातली यंत्रं मोजायची, ठकीच्या मोज्यातली टकटक करायची. मावशीनं जे बोट ज्या क्षणी ज्या जोरानं हलवलं, त्या बोटावर ठकीला तशीच टिचकी. मावशी तिला टिचक्याच म्हणायची, मग मॅडमही म्हणायला लागल्या.

"म्हणजे माझा हात चोरून नेणार तुम्ही?" मावशीनं विचारलं.

"चोरून नाही हो मावशी, नक्कल करून."

"नक्कल करूनच तर चोरतात," मावशी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मावशीचं मॅडमशी तिथंच जमलं.

सह्या करायच्या होत्या. नऊ पानी कागद होता. मावशीचा चष्मा जुना, म्हणून मी वाचून दाखवला. शेवटच्या पानावर होतं की उपकरणं संस्थेच्या मालकीची आहेत, प्रकल्प कोणत्याही वेळी बंद होऊ शकतो, झाल्यास उपकरणं परत करावी लागतील. संध्याकाळ होत आली होती, मला बस पकडायची होती. मी म्हटलं, "बाकी नेहमीचंच आहे ग, सगळ्या कागदांवर असतं ते." मावशीनं सही केली.

पहिल्या दिवशी ठकीनं मोजा ओढून काढला आणि फेकला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मोजा बाजूला ठेवला, नुसता एक दाणा चिकटपट्टीनं तिच्या तर्जनीवर लावला आणि हळूच एक टिचकी दिली. ठकीनं मान वर केली. हवेत हात फिरवून कोण आहे ते शोधलं. कुणी नव्हतं. दुसरी टिचकी आली. तिनं पुन्हा शोधलं, मग थोडा वेळ स्वस्थ बसली, आणि स्वतःच्या तर्जनीनं पलंगाच्या लाकडावर एक टिचकी मारली. मॅडमनी उत्तर दिलं. तिनं पुन्हा मारली. आणि मग ती हसली. ठकीचं हसू उचकीसारखं असायचं, वर्षातून एखाद्या वेळी ऐकू यायचं. त्या दुपारी ती पाऊण तास हसत होती. मावशी कपाटाकडे तोंड करून उगाच कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत राहिली.

त्यानंतर मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. मावशी एका खुर्चीवर, ठकी समोर दुसऱ्या खुर्चीवर, मधे कुणाचे हात नाहीत. मावशीचा वेग ठकीला झेपेना, तेव्हा मॅडमनी आधी टिपलेलं सावकाश चालवायची सोय केली आणि रोज सराव व्हावा म्हणून मोजे आणि डबा तिथंच ठेवला. पट्टी जास्त ओढली गेली की अंगठ्याच्या मुळाशी थरथर व्हायची. म्हणजे बास. पट्टीनं सांगायचं ते मोजा सांगायचा. चौथ्या महिन्यात तिसरी फेरी आली. सातव्यात चौथी, एक खालून एक वरून. तिरक्या फेऱ्यांनी छळलं. एकदा रागानं ठकीनं चौकटीतली सगळी वीण टोच्यानं भोसकली. पण अकराव्या महिन्यात एक अख्खी बैठक झाली. त्या बैठकीला मावशीचा हात लागला नव्हता.

ती खुर्ची मावशीनं दुकानदाराकडे काही न सांगता पाठवली. त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिली आणि निरोप धाडला: आज हात नीट बसला नाही वाटतं, मावशी? हा निरोप मावशीनं भेटेल त्याला सांगितला. लॉन्ड्रीवाल्याला, मला, माझ्या नवऱ्याला फोनवर. "माझ्या वाईट दिवसाइतकं येतं तिला," म्हणायची. "आता चांगल्या दिवसापर्यंत पोचायचं."

त्या वर्षात मी मावशीला पहिल्यांदा गरम चहा पिताना पाहिलं. जिन्याच्या पायरीवर बसून, दोन्ही हातांनी कप धरून. ठकी आत काम करत असायची आणि मावशीला उठावं लागत नसे. एकदा माझ्याबरोबर चपला घ्यायला बाजारात आली. चौतीस वर्षांत तिला एकटीला दोन तास मिळाले नव्हते. येताना म्हणाली, "आता मी गेले तरी चालेल ग." मी रागावले तशी म्हणाली, "रागावतेस काय, आनंदानं म्हणतेय."

तपासनीस शब्दाला जागले. स्वतः आले. खुर्चीजवळ स्टूल घेऊन पूर्ण सकाळ बसले. ठकीनं चौथी फेरी आणि निम्मी पाचवी त्यांच्यादेखत केली. त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "हे मोजे तिच्याजवळ कायम राहतील ना?"

मॅडम म्हणाल्या, "सध्या तरी आहेत." आणि डब्याची वायर गुंडाळायला लागल्या. मला ते दिसलं. मावशीला दिसलं की नाही कोण जाणे.

कागदावर तपासनीसांनी 'सहायक उपकरणासह पूर्ण काम करते' असं लिहिलं. केंद्रात दोन नव्या खोल्या बांधून होत होत्या. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जागा मिळेल, म्हणाले.

ती सुरुवात यायला चार महिने होते तेव्हा मॅडम माझ्या ऑफिसात आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्याच राहिल्या. ज्या मंडळाकडून प्रकल्पाला पैसा यायचा त्यांनी विषय बदलला होता. असे पाच प्रकल्प एका दिवसात बंद झाले होते. पत्र आलं होतं.

"पण ती शिकली ना?" मी म्हटलं. "आता मोजे नसले तरी..."

त्यांनी मान हलवली. "ती टिचक्यांच्या मागे मागे जाते. आपणहून जायला अजून शिकलेली नाही. एकेक टिचकी कमी करत न्यायची होती, आज एका बोटाची, महिन्यानं दुसऱ्या. तिला कळू न देता. तो टप्पा तिसऱ्या वर्षात होता." मग म्हणाल्या, "मी तो आधी घ्यायला हवा होता. मला वाटलं, सहाही फेऱ्या एकदा बसू देत."

मावशीला एकटीनं सांगायचं त्यांना धैर्य नव्हतं. मी बरोबर गेले.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. ठकी तिरकी फेरी घालत होती, तिच्या पट्टीचा सुळसुळ आवाज येत होता.

"कधी न्यायचंय?"

"शुक्रवारी जमा करायचंय."

"एक जोड ठेवला तर? आम्ही जपू. लॉन्ड्रीवाला म्हणेल तर त्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवू."

"नुसते मोजे चालत नाहीत, मावशी. तो डबा संस्थेच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो. तिकडून बंद केलं की हे नुसतं कापड." मॅडमनी डब्यावर हात ठेवला. "तुमच्या हाताची सगळी नोंद जपून ठेवलीये. पुढे कधी कुणी पैसा दिला तर..."

"माझा हात माझ्याजवळच आहे, पोरी," मावशी म्हणाली. "तिला द्यायचा होता."

मी अर्ज केले. प्राचार्यांना, संस्थेला, मंडळाला. लोकांचे अर्ज घेण्यात माझी बावीस वर्षं गेली, अर्ज कसा लिहायचा हे मला येतं. दोन उत्तरं आली. दोन्हींत सहानुभूती होती.

शुक्रवारी मॅडम दीड तास जिन्यात थांबल्या, ठकीची फेरी संपेपर्यंत. मावशीनं तिच्या हातातले मोजे काढले. ठकीला वाटलं रोजच्यासारखं काम आटोपलं. तिनं खुंट्या डबीत भरल्या, डबी टबाच्या डाव्या बाजूला ठेवली आणि जेवणासाठी मनगट पुढे केलं. मॅडम जाताना मावशीच्या पाया पडायला वाकल्या, तर मावशीनं त्यांना मधेच धरलं आणि म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही." हे तिनं कसं म्हटलं मला माहीत नाही. मला तसं वाटत नव्हतं. माझंही चुकलं नाही असं ती पुढे म्हणाली, तेही मला पटलं नाही.

सोमवारी सकाळी ठकी खुर्चीसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे करून थांबली. मोजे चढवायला कुणी येईना तशी टबाभोवती, पलंगाखाली, कपाटात शोधू लागली. मावशीनं तिचा हात धरून 'नाही'ची खूण केली. पण 'नाही' म्हणजे आता नाही, एवढंच त्यांच्या भाषेत होतं. पुन्हा कधीच नाही, याला खूण नव्हती. ठकी परत जागेवर जाऊन बसली.

मग मी एक गोष्ट केली. बाजारातून तसेच राखाडी, पातळ हातमोजे आणले, साधे. मला वाटलं, सवयीनं तरी हात चालतील. ठकीनं ते हुंगले, चाचपले, आपणहून चढवले. चेहरा उजळला. चौकटीवर दोन्ही हात ठेवले, बोटं फाकवली, आणि टिचकीची वाट पाहत बसली. दुपार झाली. मावशीनं मनगटावर जेवणाची खूण केली तर तिनं हात झटकला, जणू ऐकताना कुणी मधे बोललं. संध्याकाळपर्यंत ती तशी बसली होती. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण त्या दिवसाइतकं वाईट मी काही केलेलं नाही.

नंतर ती बोटांच्या पाठी चौकटीच्या कडेवर आपटायला लागली. आधी हळू, मग जोरात. मग चावायला लागली. दोन बोटांना टाके पडले, दोन्ही हातांना बँडेज बांधावं लागलं, आणि आठ दिवस तिच्या तळहातावर काही लिहिता येईना. आठ दिवस तिच्याशी कुणीच बोललं नाही असं ते होतं.

जखमा भरल्यावर मावशीनं स्वतःच्या बोटांनी तिच्या बोटांवर टिचक्या मारून पाहिल्या. तेच बोट, तोच क्रम, मावशीचाच तर हात होता तो. ठकीनं तिचा हात ढकलला. मावशीनं पुन्हा ठेवला, तिनं पुन्हा ढकलला. इतक्या वर्षांत तिनं आईचा हात असा ढकलला नव्हता. मावशी मला म्हणाली, "तिला आता दुसरा हात आठवतो ग. न थकणारा, न थरथरणारा. त्याच्यापुढे माझा कोण विचारतो?" आणि हसायचा प्रयत्न केला.

तपासनीस पुन्हा आले. ठकीनं पहिल्या दोन फेऱ्या घातल्या आणि थांबली. मग तेवढंही नीट होईना, पट्ट्या उलट्या लागल्या, खरखरीत बाजू वर.

"तुम्ही पाहिलं होतं," मावशी म्हणाली. "तुमच्यासमोर केलं तिनं. चष्मा पुसलात तुम्ही."

"पाहिलं होतं, बाई. खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे ते यंत्र नाही, आणि तिथं एकेकाजवळ बसून राहायला माणूस नाही." त्यांनी टोपी हातात घेतली, पुन्हा ठेवली. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. ज्याला गेली त्यालाही आई असेलच, असं मावशी नंतर म्हणाली.

मावशीनं काम सोडलं नाही, पण दुकानदाराचे निरोप यायला लागले. ताण कमी-जास्त होतोय. काठ सुटतोय. आता ते वाईट दिवस तिचे स्वतःचे होते.

दोन महिन्यांनी एका सकाळी काम करताना ती खुर्चीवरून खाली घसरली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ठकीला हाक मारता येत नाही आणि मारलेली ऐकू येत नाही. लॉन्ड्रीवाला तीन वाजता दोन खुर्च्या घेऊन वर गेला तेव्हा त्याला दिसलं. मावशीच्या डोक्याखाली उशी होती. ठकी शेजारी फरशीवर बसून तिच्या मनगटावर दोन टिचक्या मारत होती, थांबत होती, परत दोन मारत होती. तिला भूक लागली होती की आईला लागली असेल असं तिला वाटत होतं, ते कळायला मार्ग नाही. मनगट लाल झालं होतं.

हॉस्पिटलमधून मावशीला मी माझ्या घरी आणलं. बैठकीच्या खोलीत पलंग टाकला. ठकीला आणलं नाही. माझ्या नवऱ्यानं नाही म्हटलं असं कुणाला वाटेल, पण त्याला मी विचारलंच नाही. मी नोकरी करते, मुलांच्या परीक्षा, दिवसभर तिच्याजवळ कोण बसेल, अशी कारणं मी मनात तयार ठेवली होती आणि ती मला कुणी विचारली नाहीत. मावशीनंही विचारलं नाही. तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. पुढे थोडं यायला लागलं, तेव्हाही नाही.

ठकीला बायकांच्या निवारागृहात ठेवलं. ते केंद्र नव्हे. तिथं काम काही नाही. एका मोठ्या खोलीत चौदा खाटा आहेत, खिडक्या उंचावर आहेत, स्वच्छ आहे. तिथल्या बाई मनानं चांगल्या आहेत. मी त्यांना तेवीस खुणा कागदावर काढून दिल्या. त्यांनी तो कागद भिंतीला लावला. जेवणाची तेवढी त्या करतात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मावशीला घेऊन जायची. चाकांची खुर्ची बसमध्ये चढवायला कंडक्टर मदत करायचा. ठकी आधी आईचा चेहरा चाचपायची, केस हुंगायची. मग तिचा उजवा हात घ्यायची. तो काही बोलायचा नाही. ती त्याची बोटं एकेक हलवून पाहायची, आपल्या तळहातावर ठेवायची, वाट पाहायची. मावशी डाव्या हातानं खुणा करायला जायची, पण त्या उलट्या, वाकड्या उमटायच्या. ठकी डावा हात बाजूला सारून पुन्हा उजवा धरायची. तिसऱ्या का चौथ्या भेटीत तिनं तो हात मावशीच्या मांडीवर नीट ठेवून दिला, आणि भिंतीकडे वळून झोपली.

येताना मावशी म्हणाली, "नको आता." तिचे शब्द चघळल्यासारखे यायचे, पण मला कळायचे. "मी गेले की तिला वाटतं, न्यायला आले."

त्यानंतर मी एकटीच जात राहिले. मावशी विचारायची, "कशी आहे?" मी सांगायची, बरी आहे. बाई म्हणतात तिचा काही त्रास नाही. मावशी मान हलवायची आणि डोळे मिटायची. ती त्या पलंगावर चौदा महिने होती. शेवटच्या दिवसांत ती डाव्या हातानं चादरीची किनार ओढायची, सोडायची, ओढायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांना. एका मंगळवारी सकाळी, मी ऑफिसला निघायच्या आधी, ती गेली.

सगळं आटोपल्यावर पाचव्या दिवशी मी निवारागृहात गेले. ठकीला सांगायला हवं होतं. बसमध्ये मी सगळ्या तेवीस खुणा मनात उलगडून पाहिल्या. आई आहे. आई बाहेर गेली. आई झोपली. आई येतेय. एवढंच होतं. आई मेली, असं म्हणायची सोय मावशीनं ठेवली नव्हती. तिला ती कशी सुचणार?

ठकी खाटेवर बसली होती. वजन वाढलं होतं, केस बारीक कापले होते. मी तिच्या कानाची पाळी दाबली. तिनं माझा हात धरला, अंगठी चाचपली, ओळखलं. मग माझ्या मागे हवेत हात फिरवला. आणखी कुणी आहे का ते पाहिलं. मी तिचा तळहात माझ्या हातात घेतला आणि आईची खूण केली. ती ताठ बसली. तोंड माझ्याकडे केलं. माझं बोट तिच्या तळहातावर तसंच राहिलं. पुढे काय करायचं ते मला येत नव्हतं. ती वाट पाहत होती. कुणाची वाट पाहताना ती किती वेळ बसू शकते, ते मला माहीत होतं. शेवटी मीच हात काढून घेतला.

भेटीची वेळ संपेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून राहिले. निघाले तेव्हा दारात त्या बाई भेटल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "सांगितलंत का हो? कळलं तिला?"

मी हो म्हटलं.